अपडेट झालं आणि फोन मुका झाला

रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी नवा चेहरा घेऊन उठतो, याची आता आपल्याला सवय झाली आहे. बटणांचे रंग बदललेले असतात, एखादा पर्याय वरून खाली गेलेला असतो. चार दिवस आपण कुरकुर करतो आणि विसरून जातो. पण ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी हेच अपडेट म्हणजे रात्रीतून कोणीतरी घरातलं सामान हलवून ठेवल्यासारखं असतं. माठ कुठे गेला, दाराची कडी कुठे आहे, सगळं पुन्हा चाचपडून शोधायचं.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या लोकांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. यातले कितीतरी जण आज स्मार्टफोन वापरतात. आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' हे वाचून दाखवणारे प्रोग्राम २००९ सालीच आले. त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, आणि दोनदा टकटक केलं की ती उघडते.

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे, त्यामुळे हा विषय मला कागदावर माहीत होता. तो खरा कळला तो सौंसरला, नात्यातल्या एका काकांमुळे. काकांची दृष्टी तरुणपणीच गेली. एसटीडी-पीसीओच्या जमान्यात दिव्यांगांना प्राधान्याने बूथ मिळत, तसा त्यांनाही मिळाला आणि त्यांनी तो बरीच वर्षं चालवला. आता त्याच जागी छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, डबी रक्कम बोलते. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे मात्र काका स्वतः फोनवरून पाठवतात.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "बाबू, हा फोन तर नुसता बटन-बटन करून राहिला. काल तर चांगला बोलत होता."

पैसे पाठवायचं ॲप रात्री आपोआप अपडेट झालं होतं. आधी जिथे 'पैसे पाठवा' असं ऐकू यायचं, तिथे आता एक सुंदर चित्र आलं होतं. डोळस माणसाला ते चित्र लगेच कळतं. स्क्रीन रीडरला मात्र त्याचं नावच दिलेलं नव्हतं, म्हणून तो बिचारा फक्त "बटन" म्हणत होता.

मी म्हटलं, "काका, आजच्या दिवस कोणाकडून तरी करून घ्या ना."

ते म्हणाले, "करून घेतलं तर पिन सांगावा लागते. ज्याला त्याला पिन सांगत बसलो, तर मंग हा फोन माझा कायचा?"

चार दिवस त्यांनी व्यापाऱ्याकडे उधारी ठेवली, पण पिन कोणाला सांगितला नाही. पुढच्या अपडेटमध्ये त्या बटणाला नाव आलं आणि काम सुरळीत झालं. आपल्यासाठी जी बारीकशी गैरसोय असते, ती त्यांच्यासाठी आपला व्यवहार आपल्या हातात राहतो की दुसऱ्याच्या हाती जातो, असा प्रश्न होऊन बसते.

नेमकं बिघडतं काय?

स्क्रीन रीडर सहसा आपल्यासारखं पडद्याचं चित्र पाहत नाही. ॲप त्याला आतून एक यादी देतं: हे बटण, याचं नाव अमुक, हा रकाना, इथे मोबाइल नंबर लिहा, यानंतर हे, त्यानंतर ते. ही यादी बनवणाऱ्याने नीट भरली तर फोन नीट बोलतो. पण घाईच्या अपडेटमध्ये पडदा नवा होतो आणि यादी अर्धवट राहते. कधी बटणाचं नाव गळतं, कधी क्रम बिघडतो आणि रकमेच्या आधी पिनचा रकाना येतो, तर कधी खिडकी उघडते पण बोट मागच्याच पानावर अडकून राहतं. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, म्हणून कार्यालयातल्या तपासणीत हे सुटून जातं.

दुसरी अडचण सुरक्षेची. फसवणूक करणारी काही ॲप फोनमधली 'ॲक्सेसिबिलिटी' परवानगी घेऊन पडदा वाचतात. टॉकबॅकही त्याच परवानगीवर चालतं. त्यामुळे अपडेटनंतर एखादं बँकेचं ॲप सांगतं की आधी ही सेवा बंद करा, मग आत या. अंध माणसाने ती बंद केली, तर आत जाऊन तो ऐकणार काय?

तिसरी अडचण आपल्या भागाची खास. सौंसर-पांढुर्ण्यात घरात मराठी, सरकारी कामकाज हिंदीत आणि फोनचा मेनू बहुतेक वेळा इंग्रजीत. देवनागरी लिपी एकच असल्यामुळे हिंदी आवाज मराठी मेसेज वाचतो खरा, पण 'ज्ञानेश्वर'चा 'ग्यानेश्वर' करतो. ते चालवून घेता येतं. पण एखाद्या अपडेटनंतर आवाज इंग्रजीवर गेला, तर देवनागरी मजकूर आला की फोन गप्पच बसतो. मेसेज समोर असतो, पण ज्याच्यासाठी आला त्याच्यासाठी कोरा.

कधी स्क्रीन रीडर स्वतःच बदलतो. अँड्रॉइड ११ सोबत सॅमसंगने आपल्या फोनमधला 'व्हॉइस असिस्टंट' बाजूला ठेवून टॉकबॅक आणला. टॉकबॅकच्या ९.१ या आवृत्तीत दोन वेगळे मेनू एकत्र झाले आणि अनेक बोटांच्या नव्या खुणा आल्या. बदल चांगले होते. पण ज्यांच्या बोटांना वर्षानुवर्षांची सवय होती, त्यांना मुळाक्षरं पुन्हा गिरवावी लागली.

मग अपडेट करायचंच नाही का?

तसं नाही. अपडेटनेच पुष्कळ दारं उघडलीही आहेत. टॉकबॅकमध्ये पडद्यावरच ब्रेल लिहायचा कीबोर्ड २०२० साली अपडेटमधूनच आला. त्याच वर्षी आयफोनला नाव नसलेली बटणं स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करणारी सोय मिळाली. शिवाय सुरक्षेचे अपडेट टाळले तर पैशालाच धोका. बदल थांबवता येणार नाही. पण ज्याच्या घरातलं सामान हलवायचं, त्याला आधी विचारायला हवं.

आता कायदाही हेच म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे, आणि सॉफ्टवेअर कसं असावं यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. प्रज्ञा प्रसून ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आहेत आणि अमर जैन अंध आहेत. डिजिटल केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवण्यासारख्या अटी त्यांनी कशा पूर्ण करायच्या, हा मूळ प्रश्न होता. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सोबत वीस निर्देश दिले. त्यातला एक आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे: ॲप बनवताना किंवा त्यात नवी सुविधा आणताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्या.

आपल्याला घरी काय करता येईल?

घरात, शेजारी, नात्यात असं कोणी असेल तर एवढं जरूर करा.

• पैशाच्या आणि रोजच्या ॲपचं आपोआप अपडेट प्ले स्टोअरमधून बंद करा. शेजारी बसून, त्यांना विचारून, सवडीने अपडेट करा. सुरक्षेचे अपडेट मात्र लांबवू नका.

• पैसे पाठवायला दुसरं एखादं ॲप तयार ठेवा. साध्या फोनवरून, बोलून आणि आकडे दाबून पैसे पाठवायची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे.

• मराठी आणि हिंदी आवाज फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. टॉकबॅक बंद पडलं तर आवाजाची दोन्ही बटणं काही क्षण एकत्र दाबून ते सुरू करायचा शॉर्टकट लावून द्या.

• नाव नसलेल्या काही बटणांना टॉकबॅकमधून स्वतः नाव देता येतं, ते शिकवा. अपडेटनंतर ते नाव उडू शकतं, हेही सांगा.

• ॲप बिघडलं तर कंपनीला कळवा. कोणतं पान, कोणतं बटण, काय ऐकू येतं, असं नेमकं लिहिलं तर आमच्यासारख्यांना दुरुस्ती करणं सोपं जातं.

आपल्या मंडळातली बरीच मुलं आज पुण्यात, नागपुरात, बंगळुरात सॉफ्टवेअरचंच काम करतात. त्यांना एक विनंती. पुढचं अपडेट पाठवण्याआधी फोनवर टॉकबॅक सुरू करा, पडदा झाका आणि आपल्याच ॲपमधून शंभर रुपये पाठवून बघा. जमलं तर खुशाल पाठवा. नाही जमलं, तर ते अपडेट अजून तयार झालेलं नाही.