संसार मोडल्यावर घर कोणाचे?

पतिपत्नी विभक्त झाली म्हणजे राहत्या घराचा प्रश्न उभा राहतो. ज्याने घर सोडले त्याचा हक्क संपला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती निराधार आहे. घरात राहणे ही एक गोष्ट, घराची मालकी ही दुसरी. उंबरठा ओलांडल्याने मालकी लोपत नाही.

गोमंतकात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही त्यातील विवाहविषयक तत्त्वे टिकून राहिली. विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल, तर उभयतांची मिळकत सामायिक ठरते. समजा, म्हापशातील घराच्या खरेदीखतावर एकट्या पतीचे नाव आहे. तरी, काही अपवाद वगळता, निम्मे घर पत्नीचेच असते. तिच्या संमतीवाचून पतीला ते विकता येत नाही.

बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे मात्र असा निम्मा वाटा विवाहाने आपोआप मिळत नाही. तेथे खरेदीखत महत्त्वाचे. खतावर दोघांची नावे असून वाटे नमूद नसतील, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा वाटा ठरतो. पुरावा नसल्यास वाटे समान मानले जातात. यास्तव दागिने मोडून घरासाठी रक्कम देणाऱ्या स्त्रीने तिची पावती जपून ठेवणे हिताचे असते.

एकमत न झाल्यास सहमालकाला वाटणीचा दावा लावता येतो. परंतु दोन खोल्यांचे घर मधोमध कसे विभागावे? अशा वेळी, निम्म्या वा अधिक हिश्शाच्या मालकाने मागणी केल्यास, १८९३ च्या वाटणी कायद्यान्वये न्यायालय घर विकून रक्कम वाटून देऊ शकते. दुसऱ्या सहमालकाला मात्र तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस स्वतः घेण्याची संधी असते.

खतावर नाव नसलेल्या पत्नीलाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तो निवाऱ्याचा हक्क होय, मालकीचा नव्हे. उलट, कर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर घर सोडून गेलेल्यावरही हप्त्यांची जबाबदारी राहते.

म्हणून रागाच्या भरात हक्कसोडपत्रावर सही करू नये. घर सोडल्याने हक्क जात नाही. सहीने मात्र तो जातो.