आरसा गेला, काय मिळालं?

फेस्टचे फोटो काढायला पहिला कॅमेरा घेताय? मग कॅननचा 'ईओएस आर50' बघाच. 2023मध्ये आलेल्या या मिररलेसमध्ये आरसाच नाही. त्यामुळे लेन्स सोडून, बॅटरी-कार्डसकट वजन जेमतेम 375 ग्रॅम! व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते थेट सेन्सरवरचं चित्र. म्हणजे फोटो काळपट येणार की पांढराफटक, हे क्लिक करण्याआधीच कळतं. सेन्सर एपीएस-सी, 24.2 मेगापिक्सेलचा. ऑटोफोकस नाचणाऱ्याचा डोळा पकडून ठेवतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सेन्सरला स्टॅबिलायझेशन नाही, आणि स्क्रीन सतत चालू असल्याने बॅटरी भराभर उतरते. तेव्हा सगळं बजेट बॉडीवर उडवू नका. 'आयएस' लिहिलेली लेन्स आणि एक जादा बॅटरी, यांचे पैसे आधीच बाजूला काढा.