रेसिपी सांगून टाकली तर धंदा जाईल का?



खाण्यापिण्याचा घरगुती व्यवसाय करू पाहणाऱ्यांच्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतोच. "ताई, मी माझी रेसिपी सगळ्यांना सांगून टाकली तर माझ्याकडून विकत कोण घेणार?" या भीतीने काही जण काहीच सांगत नाहीत. काही जण सांगतात, पण एखादा जिन्नस किंवा एखादी पायरी मुद्दाम गाळतात. मग समोरच्याचा पदार्थ बिघडतो. तो भांडायला येत नाही, फक्त परत येत नाही.

याचं उत्तर आज आपण अशा दोन बायकांच्या कामातून शोधू, ज्यांनी रेसिपी सांगण्याचंच करिअर केलं.

पहिली गोष्ट: कमलाबाई ओगले

कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, सांगलीकडच्या कुंडल गावचा. शाळा चौथीपर्यंत. त्यांचं 'रुचिरा' हे पुस्तक १९७० मध्ये आलं, म्हणजे तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. "आता माझं वय झालं, आता काय सुरू करणार" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. पुस्तकाच्या दीड लाखाहून जास्त प्रती खपल्या. कमलाबाईंना कौतुकाने 'सव्वा लाख सुनांची सासू' म्हटलं गेलं.

मराठीत पाककृतींची पुस्तकं त्याआधीही होती. मग हेच पुस्तक घराघरात का पोचलं? एक मोठं कारण म्हणजे मापं. ग्रॅम आणि लिटरच्या मागे न लागता कमलाबाईंनी वाटी आणि चमच्यात प्रमाण दिलं. नव्याने संसार मांडलेल्या मुलीकडे वजनकाटा नसतो, पण वाटी नक्की असते.

यात धंद्याची एक मोठी गोष्ट दडलेली आहे. तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी नसते. तरीही "एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी" हे दोघींकडे चालतं, कारण ते प्रमाण आहे. तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजलं की झालं. गिऱ्हाइकाच्या हातात जे आहे, त्यातच त्याला समजावून सांगा. आपल्या सोयीचं माप त्याच्यावर लादू नका.

माझ्या दुकानात मसाल्याचं नवीन पाकीट हातात घेतलं की गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? "किती घालायचा?" पाकिटावर '५० ग्रॅम' लिहिलेलं असतं, पण त्याला हवं असतं 'चार माणसांच्या उसळीला दोन चहाचे चमचे'. ही एक ओळ छापायला वेगळा खर्च येत नाही.

उपयोगी टिप कशी असते?

"चविष्ट पोहे करा" ही टिप नाही. टिपमध्ये तीन गोष्टी लागतात. काय करायचं, किती करायचं आणि का करायचं. रोजच्या स्वयंपाकातली आणि पेयांमधली ही उदाहरणं बघा.

*पोहे:* जाड पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा आणि दहा मिनिटं निथळत ठेवा. भिजत घालू नका, नाहीतर लगदा होतो. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. शिजताना पिळलं तर चव कडवट होऊ शकते.

*भात:* तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी घाला, जुना असेल तर थोडं जास्त. नव्या तांदळात मुळातच ओलावा जास्त असतो, म्हणून तो लवकर चिकट होतो.

*आल्याचा चहा:* आलं आधी पाण्यात चांगलं उकळा, मग दूध घाला. कच्च्या आल्यामुळे दूध फाटू शकतं. आलं उकळलं की तो धोका जातो.

*लिंबू सरबत:* आधी साध्या पाण्यात साखर आणि मीठ पूर्ण विरघळवा, बर्फ शेवटी टाका. थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, ती तळाशी बसते. मग पहिला ग्लास आंबट आणि शेवटचा गोड होतो.

*सोलकढी:* नारळाचं दूध काढताना पाणी कोमट घ्या, म्हणजे दूध चांगलं सुटतं. पण झालेली सोलकढी गॅसवर ठेवू नका, ती फुटते.

*पन्हं:* शिजवलेल्या कैरीचा एक वाटी गर असेल तर दीड ते दोन वाट्या गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची. गुळाचं प्रमाण कैरीच्या आंबटपणावर ठरतं, म्हणून आधी दीड वाटी घाला, चाखा आणि मग वाढवा.

शेवटच्या टिपमधली युक्ती लक्षात आली का? नुसतं 'चवीनुसार' लिहिलं की शिकाऊ माणूस अडतो. त्याला सुरुवातीचा आकडा द्या, मग 'चवीनुसार' म्हणा. आणि 'का' सांगितलं की माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो, कारण पुढच्या वेळी तो तेच कारण दुसऱ्या पदार्थाला लावून बघतो आणि ते खरं निघतं.

दुसरी गोष्ट: तरला दलाल

तरला दलाल यांचा जन्म १९३६ चा, पुण्यातला. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि १९६६ मध्ये त्यांनी घरातच कुकिंग क्लास सुरू केला. पहिलं पुस्तक आलं १९७४ मध्ये. मधली आठ वर्षं मोजा. या आठ वर्षांत समोर बसलेल्या बायका कुठे अडतात, काय विचारतात, कुठली पायरी चुकवतात, हे त्यांना रोज दिसत होतं. पुढे शंभराहून जास्त पुस्तकं, टीव्हीवरचे कार्यक्रम आणि वेबसाइट झाली. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये त्या गेल्या, पण त्यांच्या नावाची वेबसाइट आजही लोक उघडतात.

क्रम बघा. आधी क्लास, मग पुस्तक, मग टीव्ही आणि वेबसाइट. आपल्यातले बरेच जण उलटं करतात. आधी लोगो, मग महागडा कॅमेरा, आणि शिकवायला समोर एकही माणूस नाही.

पहिल्या क्लासचा हिशोब

समजा, तुम्ही 'उन्हाळ्याची पाच पेयं' असा क्लास ठेवला. दहा जणी, प्रत्येकी ₹३०० फी.

जमा: ₹३,०००
साहित्य: ₹१,०००
गॅस, ग्लास, छापील कागद: ₹३००
उरले: ₹१,७००

बाजार, तयारी, क्लास आणि आवराआवर धरून आठ तास गेले, तर तासाला साधारण ₹२१२ पडले. हा आकडा काढल्याशिवाय फी ठरवू नका. पुढच्या वेळी तोच क्लास घेताना तयारीचा वेळ कमी होतो, कागद तयार असतो. तिथून कमाई सुधारते. आणि दहा जणींनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवले, तर तीच तुमच्या पुस्तकाची सुरुवात.

मग रेसिपी सांगायची की नाही?

सांगायची, आणि पूर्ण सांगायची. घटकांची नुसती यादी तशीही तुमच्या एकटीची राहत नाही. पन्हं आणि सोलकढी कुणाच्या मालकीची नाही. तुमची आहे ती लिहायची पद्धत, तुमचे फोटो, तुमचं तपासलेलं प्रमाण आणि लोकांचा विश्वास. कमलाबाईंनी काही राखून ठेवलं असतं आणि पदार्थ बिघडले असते, तर एका सुनेने दुसरीला ते पुस्तक घ्यायला सांगितलं असतं का?

शिवाय रेसिपी माहीत असणं आणि रोज ती करायला वेळ असणं वेगळं. पन्हं कसं करतात हे माहीत असूनही लोक तयार गराची बाटली घेतात, कारण कैऱ्या उकडायला सवड नसते. टिप ऐकणारा आणि बाटली घेणारा, दोघेही तुमचंच गिऱ्हाईक आहेत.

दोन पथ्यं मात्र पाळा. घरून विकायचं असेल तर पहिल्या बाटलीपासून एफएसएसएआयची नोंदणी हवी. आणि एखाद्या कंपनीकडून पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करत असाल, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगा. विश्वास हेच भांडवल असेल, तर ते असं उधळायचं नाही.

या आठवड्याचं काम

१. तुम्हाला हमखास जमणारा एकच पदार्थ किंवा एकच पेय निवडा.

२. ते वाटी-चमच्याच्या मापात, एका पानावर लिहा. प्रत्येक अवघड पायरीपुढे 'का' लिहा.

३. तो कागद तीन घरांत द्या. एक सुगरण, एक अगदी नवशिकी आणि एक इंडक्शनवर स्वयंपाक करणारी. त्या करत असताना तुम्ही गप्प बसा, फोनवरही मदत करू नका.

४. जिथे त्यांनी "म्हणजे नक्की किती?" किंवा "किती वेळ?" विचारलं, ती ओळ पुन्हा लिहा.

तिन्ही घरांत तुमच्याशिवाय पदार्थ जमला, की तुमच्याकडे विकण्याजोगं काहीतरी तयार आहे. त्यावर क्लास काढा, पुस्तक काढा नाहीतर बाटली काढा. पण आधी तो एक कागद पक्का करा.

चला, लागा कामाला!