द्राक्षपट्ट्यातले मासे

म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी आलं आणि कवठे महांकाळच्या दुष्काळी माळावर द्राक्षबागांना बळ मिळालं. पण बागेवर फवारलेलं कीटकनाशक जोरदार पावसात ओढ्यांतून अग्रणी नदीत उतरू शकतं. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही.

क्लोरपायरिफॉससारखी औषधं कल्ल्यांतून थेट रक्तात जातात आणि ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही. मासा झटके देतो, तोल जाऊन गरगर फिरतो. सायपरमेथ्रिन माणसाला तुलनेनं सौम्य, पण माशाला लिटरमागे काही मायक्रोग्रॅमसुद्धा मारक, कारण माशाचं शरीर ते फार हळू मोडतं.

मेलेले मासे निदान दिसतात. मला जास्त काळजी जगलेल्यांची वाटते: कल्ल्यांना इजा, वाढ खुंटलेली, अंडी कमी.