फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम

फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम ही सुरण कुलातील एक बहुवर्षायू वनस्पती असून तिचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया हा देश होय. फिकट शिरांच्या मखमली, हृदयाकृती पानांसाठी ती शोभेचे झाड म्हणून कुंडीत वाढवतात. अळू, सुरण आणि मनी प्लँट या परिचित वनस्पती तिच्याच कुलातील आहेत.

नाव

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर आंद्रे यांनी १८७६ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘फिलोडेंड्रॉन’ हे नाव ‘प्रेम’ व ‘वृक्ष’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. या प्रजातीतील बहुतेक जाती झाडांच्या आधाराने वर चढतात, म्हणून हे नाव पडले. प्रस्तुत जाती मात्र वर न चढता जमिनीवरून सरपटत वाढते. तिच्या निगेतील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

वर्णन

खोड जाड व आडवे असते. त्याच्या पेऱ्यांपासून खाली मुळे फुटतात आणि लांब देठांची पाने वर येतात. पानाचा वरचा पृष्ठभाग गडद हिरवा व मखमली असतो. शिरा पांढऱ्या, फिकट हिरव्या किंवा गुलाबी छटेच्या आणि कडा बहुधा गुलाबीसर असतात. वाढ संथ असते; एक पान उलगडून पूर्ण आकाराचे होण्यास काही आठवडे लागतात. फुलोरा अळूप्रमाणे स्थूलकणिश प्रकारचा असून त्याभोवती महाछद असतो.

लागवड व निगा

उभ्या, खोल कुंडीपेक्षा लांबट व उथळ कुंडी योग्य ठरते. खोडाचे जुने टोक कुंडीच्या एका कडेला ठेवून वाढत्या शेंड्यापुढे मोकळी जागा सोडावी. फक्त मुळे मिश्रणात असावीत. खोड पृष्ठभागावर उघडे राहिले पाहिजे. ते पुरल्यास ओलाव्याने कुजते व बहुधा संपूर्ण झाड दगावते. आधाराला काठी लावण्याची आवश्यकता नसते.

नुसती बागेतली माती, विशेषतः काळी चिकण माती, वापरू नये. नारळाच्या काथ्याचा भुसा, झाडाच्या सालीचे तुकडे, पर्लाइट, लोणारी कोळशाचे तुकडे व थोडे पानांचे खत यांच्या मिश्रणातून पाण्याचा निचरा होतो आणि मुळांना हवा मिळते. मिश्रणाचा वरचा थर सुकू लागल्यावरच पुन्हा पाणी द्यावे.

मूळ अधिवास वर्षावनाचा असल्यामुळे या झाडाला भरपूर पण अप्रत्यक्ष प्रकाश लागतो. कडक उन्हाने पाने करपतात. साधारण १८ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ६० टक्क्यांहून अधिक आर्द्रता मानवते. त्यामुळे कोकणातील दमट हवा त्यास अनुकूल असते. देशावरील कोरड्या उन्हाळ्यात मात्र आर्द्रता टिकवण्याची सोय करावी लागते. पाने चकचकीत करणारी द्रव्ये लावू नयेत. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. लाल कोळी, फुलकिडे व पिठ्या ढेकूण यांसाठी पानांची खालची बाजू नियमित तपासावी.

अभिवृद्धी

खोडाचे, प्रत्येकी किमान एक सजीव डोळा व शक्यतो मुळे असलेले, तुकडे स्वच्छ धारदार सुरीने करतात. काप सुकू देऊन ते ओलसर शेवाळावर आडवे ठेवतात. वाढीच्या उबदार काळात हे काम करणे हितावह असते.

विषारीपणा

वनस्पतीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजरे असते ते याच द्रव्यामुळे. मात्र अळूप्रमाणे ही वनस्पती शिजवून खाण्याजोगी नाही. ती चावल्यास तोंड व घसा यांची आग होऊन सूज येते. म्हणून लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून झाड दूर ठेवावे. छाटणी करताना हातमोजे वापरावेत.

संवर्धन

दुर्मीळ शोभेच्या झाडांना मागणी वाढली की ती जंगलातून उपटून विकली जाण्याचा धोका असतो. सावकाश वाढणाऱ्या जातींची अशी हानी लवकर भरून निघत नाही. ऊतिसंवर्धनाने या जातीची रोपे आता मोठ्या प्रमाणावर तयार होतात. खरेदी करताना रोप रोपवाटिकेत वाढवलेले असल्याची खात्री करून घेणे, हा तिच्या रक्षणाचा ग्राहकाच्या हातातील उपाय आहे.