मेक्सिकोतील सर्वसमावेशक किनारी रिसॉर्ट

सर्वसमावेशक रिसॉर्ट (स्पॅनिश: तोदो इंक्लुइदो) म्हणजे निवास, सर्व वेळचे जेवण, पेये आणि ठरावीक करमणूक यांचे मोल एकाच आगाऊ रकमेत घेणारे पर्यटक निवासस्थान होय. मेक्सिकोत अशी निवासस्थाने मुख्यतः कॅरिबियन समुद्रालगतच्या किंताना रो राज्यात, म्हणजे कान्कुन, प्लाया देल कार्मेन व तुलुम या पट्ट्यात आढळतात. प्रशांत महासागराच्या बाजूस प्वेर्तो वायार्ता, लोस काबोस, इश्तापा व वातुल्को येथेही ती आहेत. या पद्धतीने मेक्सिकोच्या किनारी भागाचे अर्थकारण घडवले. तिच्यामुळे समुद्रकिनारा कोणाचा, पर्यटकाच्या पैशाचा लाभ कोणाला आणि निसर्गावरील भार किती, हे प्रश्नही उभे राहिले आहेत.

== उगम ==

एकाच रकमेत सारे काही देणारी सुट्टी ही मूळची युरोपीय कल्पना आहे. बिली बटलिन यांनी इ.स. १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्केगनेस येथे कामगार कुटुंबांसाठी सुट्टीची छावणी उघडली. तीत निवास, भोजन व करमणूक यांचे शुल्क एकत्रित असे. पुढे बेल्जियमचे जेरार ब्लिट्झ यांनी इ.स. १९५० मध्ये क्लब मेड ही संस्था स्थापन केली आणि स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंचे पहिले सुट्टीग्राम वसवले. कालांतराने ही पद्धत कॅरिबियन बेटांवर व मेक्सिकोत पोहोचली. मेक्सिकोतील या क्षेत्रात आज ज्या मोठ्या स्पॅनिश हॉटेल कंपन्या आहेत, त्यांपैकी कित्येकींचे मुख्यालय त्याच मायोर्का बेटावर आहे.

== कान्कुनची उभारणी ==

कान्कुन हे आपोआप वाढलेले गाव नसून शासनाने आखलेले शहर आहे. परकीय चलन मिळवण्याचा मार्ग म्हणून मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने इ.स. १९६० च्या दशकात नव्या पर्यटनस्थळांचा शोध घेतला. हवामान, किनारा आणि परिसरातील दारिद्र्य या बाबी विचारात घेऊन जागा निवडल्या गेल्या. इ.स. १९७० च्या सुमारास कान्कुन येथे काम सुरू झाले. तेव्हा तेथे मोजकीच वस्ती होती. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या कर्जातून रस्ते, पाणीपुरवठा व विमानतळ उभे राहिले. इ.स. १९७४ मध्ये पहिली हॉटेले सुरू झाली. त्याच वर्षी किंताना रो या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला आणि पर्यटन विकासासाठी 'फोनातूर' हा राष्ट्रीय निधी अस्तित्वात आला.

शहराची रचना आरंभापासूनच दुहेरी ठेवण्यात आली. निचुप्ते सरोवर आणि समुद्र यांच्यामधील इंग्रजी सातच्या आकाराची चिंचोळी भूपट्टी हॉटेलांसाठी राखली गेली, तर कामगार व व्यापारी यांच्यासाठी मुख्य भूमीवर निराळे नगर वसवण्यात आले. इ.स. २०२० च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती.

== कार्यपद्धती ==

पाहुणा येताच त्याच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधली जाते. ती ओळखपत्राचे काम करते. कोणत्या उपाहारगृहात व कोणत्या दर्जाच्या सुविधांना प्रवेश आहे, हे कर्मचारी तिच्यावरून ओळखतात. सकाळ, दुपार व रात्र या वेळी स्वतः वाढून घेण्याची भोजनव्यवस्था असते. याखेरीज इटालियन, जपानी वा मेक्सिकन पद्धतीची छोटी उपाहारगृहे असतात, पण तेथे बहुधा आधी वेळ ठरवून घ्यावी लागते.

'सर्वसमावेशक' या शब्दाचा अर्थ शब्दशः घेता येत नाही. मसाज व सौंदर्योपचार, यंत्रचलित जलक्रीडा, उंची मद्ये, दूरच्या सहली आणि अनेकदा विमानतळावरील ने-आण यांचे मोल वेगळे असते. प्रत्येक रात्रीमागे नगरपालिकेचा पर्यावरण-स्वच्छता कर द्यावा लागतो. इ.स. २०२१ पासून किंताना रो राज्य परदेशी पर्यटकांकडून स्वतंत्र शुल्कही घेते. मोफत सहल वा सवलतीचे आमिष दाखवून पाहुण्यांना सुट्टीच्या काळातील सहमालकीच्या योजना विकण्याचे प्रयत्न या भागात सर्रास होतात.

== अर्थव्यवहार ==

या पद्धतीचा पाया सरासरीवर आहे. काही पाहुणे पुष्कळ खातात-पितात, तर काही दिवसभर सहलीला गेल्याने दोन जेवणे चुकवतात. दर मात्र सर्वांना सारखाच असतो. पैसे आगाऊ मिळत असल्याने धान्य, भाजीपाला व मनुष्यबळ यांची आखणी आधीच करता येते आणि घाऊक खरेदीने खर्च घटतो. पाहुण्याच्या दृष्टीने लाभ असा की, परक्या देशात, अपरिचित भाषेत आणि वेगळ्या चलनात पदोपदी हिशेब करावा लागत नाही. लहान मुले वा वृद्ध सोबत असणाऱ्या कुटुंबांना ही निश्चिंती विशेष मोलाची वाटते.

हाच लाभ बाहेरच्या व्यावसायिकांच्या दृष्टीने तोटा ठरतो. जेवणाचे पैसे आधीच दिलेला पाहुणा गावातील खानावळीत पुन्हा पैसे देण्यास सहसा तयार नसतो. शिवाय प्रवाससंस्था, विमान कंपनी व हॉटेल या तिन्ही परदेशी असल्या, तर एकूण रकमेचा मोठा भाग मेक्सिकोबाहेरच राहतो. पर्यटनशास्त्रात या प्रक्रियेला 'गळती' म्हणतात. मात्र याच उद्योगाने दक्षिण मेक्सिकोच्या गरीब राज्यांतून आलेल्या असंख्य लोकांना काम दिले, हेही तितकेच खरे आहे. कर्मचाऱ्यांच्या मूळ वेतनाला पाहुण्यांनी दिलेल्या बक्षिशीची मोठी जोड लागते. त्यामुळे 'सारे काही समाविष्ट' असे समजून बक्षीस न देणारा पाहुणा नकळत त्यांच्या उत्पन्नाला कात्री लावतो.

== किनाऱ्याची मालकी ==

मेक्सिकोत समुद्रकिनारा ही राष्ट्राची मालमत्ता आहे. किनाऱ्यालगतचा वीस मीटर रुंदीचा जमिनीचा पट्टाही संघराज्याच्या ताब्यात असतो. हॉटेलांना तो वापरण्याचा परवाना मिळू शकतो, पण मालकी मिळत नाही. म्हणजेच रिसॉर्टच्या जाहिरातीत 'खाजगी' म्हणून दाखवलेली वाळू कायद्याने सार्वजनिकच असते. प्रत्यक्षात हॉटेलांच्या सलग भिंतींमुळे वाळूपर्यंत पोहोचण्याची वाटच उरत नाही. या प्रश्नावरून झालेल्या वादांनंतर इ.स. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि किनाऱ्याचा मार्ग अडवणाऱ्यास मोठ्या दंडाची तरतूद करण्यात आली.

== पर्यावरण ==

युकातान द्वीपकल्प चुनखडीचे असून त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. पावसाचे पाणी खडकात मुरते आणि भूमिगत प्रवाहांतून समुद्राला मिळते. खडकाचे छत कोसळून उघड्या पडलेल्या नैसर्गिक विहिरींना 'सेनोते' म्हणतात. जमिनीत मुरलेले सांडपाणी याच मार्गाने पिण्याच्या साठ्यांत आणि समोरच्या मेसोअमेरिकन प्रवाळरांगेपर्यंत जाऊ शकते. म्हणून हजारो खोल्यांच्या हॉटेलपट्टीत सांडपाण्याची व्यवस्था हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

वाळूच्या टेकड्या आणि खारफुटी हटवून बांधकामे झाल्याने लाटांना थोपवणारे नैसर्गिक कवच कमी झाले. इ.स. १९८८ मधील गिल्बर्ट आणि इ.स. २००५ मधील विल्मा या चक्रीवादळांनी कान्कुनची मोठी हानी केली. विल्मानंतर वाहून गेलेला किनारा समुद्रतळावरील वाळू उपसून पुन्हा भरावा लागला. इ.स. २०११ नंतर अटलांटिक महासागरात सार्गासम या तपकिरी शैवालाची वाढ प्रचंड झाली असून वसंत व उन्हाळ्यात त्याचे ढीग किनाऱ्यावर येतात. ते कुजताना हायड्रोजन सल्फाइडचा उग्र दर्प सुटतो. सफाईच्या कामात मेक्सिकोच्या नौदलाचाही सहभाग असतो. उन्हाळ्यात समुद्री कासवे याच वाळूत अंडी घालतात. त्या काळात अनेक हॉटेले घरट्यांभोवती कुंपण घालून त्यांचे रक्षण करतात.

== हवामान व सुरक्षितता ==

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ पर्यटकांच्या पसंतीचा असतो. अटलांटिकमधील वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. या काळात दर उतरतात, परंतु धोका वाढतो. किनाऱ्यावर हिरवा ध्वज सुरक्षित, पिवळा सावधगिरीची, तर लाल धोक्याची सूचना देतो. काळा ध्वज असताना पाण्यात उतरण्यास मनाई असते. नळाचे पाणी पिण्याचा प्रघात नसून रिसॉर्टमध्ये शुद्ध केलेले पाणी पुरवले जाते.

== भारतीय प्रवासी ==

वैध अमेरिकी, कॅनेडियन, ब्रिटिश, जपानी किंवा शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकास पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही आणि कमाल १८० दिवस राहता येते. अमेरिकेतील मराठी कुटुंबे भारतातून भेटीस आलेल्या आई-वडिलांना घेऊन येथे येऊ शकतात, ती याच सवलतीमुळे. उत्तर अमेरिकेतील भारतीय वंशाच्या कुटुंबांचे विवाहसोहळेही या रिसॉर्टमध्ये होतात. शाकाहारी व्यक्तींनी पदार्थांतील घटक विचारून घेणे आवश्यक ठरते. घोटलेल्या राजम्यासारख्या वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थात परंपरेने डुकराची चरबी वापरली जाते, तर भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. किंताना रो राज्याची वेळ भारतापेक्षा साडेदहा तासांनी मागे आहे.

रिसॉर्टच्या आवाराबाहेर चिचेन इत्सा, तुलुम व कोबा येथील माया संस्कृतीचे अवशेष आणि सियान कान हे संरक्षित जैवक्षेत्र आहे. चिचेन इत्सा व सियान कान यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश आहे. माया भाषा बोलणारा समाज आजही याच द्वीपकल्पात राहतो.