जाळ्यातला परका मासा: काय खावे, काय पाळू नये
करोल बागेतून सुट्टीला गावी गेल्यावर जाळे टाकता? उजनी धरणात भरपूर मिळणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून झपाट्याने पसरते. मासेमारीचा परवाना असेल तर पकडा, खा, विका. जिवंत मात्र गावच्या तळ्यात सोडू नका.

थाई मांगूरचे तसे नाही. तो देशी मासे फस्त करतो. त्याच्या पालनावर 2000 पासून बंदी आहे. स्वस्त बीज कोणी देऊ केले तरी घेऊ नका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मंजूर प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळते, पण बंदी असलेल्या माशासाठी नाही. चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा.

दिल्लीच्या यमुनेतला मासा मात्र टाळाच. तिथे सांडपाणी मिसळते.